गाभण घोडी आणि स्वाराचा धर्म

गाभण घोडीवर खोगीर चढवून तिला स्पर्धेत उतरवावे काय? वारकऱ्याला या प्रश्नाशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावणारे आम्ही; घोड्याच्या सुखदुःखाचा विचार आम्ही नाही करायचा तर कोणी करायचा?

ही शर्यत मैदानावरची दोन-चार मिनिटांची नव्हे. लांब पल्ल्याच्या दौडीचा एक स्वतंत्र खेळ आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली 'टेव्हिस कप' नावाची दौड सुरू झाली. डोंगरदऱ्यांतून १०० मैल, तेही एका दिवसात! वाटेत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोड्याची नाडी, चाल, अंगातले पाणी तपासतात. नाडी ठरल्या वेळात उतरली नाही तर घोडा बाद. तेव्हा या खेळात घोड्याची काळजीच घेत नाहीत, असे कोणी म्हणू नये. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचा नियमही आहे की, गाभणपणाचे १२० दिवस उलटले किंवा शिंगरू अंगावर पीत असले, तर घोडी स्पर्धेत आणू नये. घोडीचे दिवस सुमारे ११ महिन्यांचे. म्हणजे पहिल्या चार महिन्यांत वाट मोकळी.

मग नियम पाळला की झाले, असा पूर्वपक्ष येतो. शिवाय घोडी दावणीला बांधून ठेवणे हीही काही दया नव्हे. चालतीफिरती राहिली तर अंग धड राहते. हे आम्हांस मान्य आहे. आपल्या आयाबायाही भरल्या दिवसांत जाते ओढीत होत्या. पण म्हणून कोणी त्यांची पैज लावली नाही!

काम निराळे, स्पर्धा निराळी. कामात घोडी थकली की लगाम सैल सोडता येतो. स्पर्धेत तिची गती शेजारचा घोडा ठरवतो. घोडा मुळात कळपातला प्राणी; पुढचा पळाला की हाही पळणार, दम उरो न उरो. "अहो, ती हौसेने पळते," असे स्वार सांगतो. पळत असेल. परंतु पुढे मैल किती आहेत हे तिला ठाऊक नाही, ढाल कोणाच्या घरी जाणार हेही नाही. जिला फळाची कल्पनाच नाही, तिच्या धावण्याला होकार कसा म्हणावा?

आणखी एक. गर्भ जड होतो तो शेवटच्या तीन-चार महिन्यांत. पण तो निसटण्याचे भय पहिल्या आठवड्यांतच अधिक, आणि उन्हातल्या लांब दौडीने अंगाची उष्णता चढते. टप्प्यावर वैद्य नाडी पाहतो ती आईची. पोटातल्याची कोण पाहतो?

आता तर नामांकित घोडीचा आठवडाभराचा गर्भ काढून दुसऱ्या घोडीच्या पोटात ठेवतात. पळायचे हिने, वाढवायचे तिने. पळणारीचे ओझे उतरले खरे. त्या दुसरीला कोणी विचारले, हे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

स्पर्धा पुढल्या हंगामातही असते. घोडी गाभण आहे असे कळले की स्वाराने नाव मागे घ्यावे, मग १२० दिवस भरलेले असोत वा नसोत. सकाळच्या गारव्यात तिला पायी फिरवावे, ती थांबेल तिथे आपणही थांबावे.