परक्या आकारावर आपला रंग

प्रौढ माणसाने बाहुली रंगवीत बसावे यात काही विपरीत आहे, असे आपल्याकडे पुष्कळांना अजूनही वाटते. परंतु गुरुग्राम-नोएडाच्या उंच इमारतींतून, सुटीच्या दुपारी सज्जात पुठ्ठ्याचा आडोसा उभारून, तोंडावर गाळणीचा मुखवटा चढवून, वीतभर उंचीच्या व्हिनाइलच्या बाहुलीवर एअरब्रशने रंग फवारणारी नोकरदार माणसे आज आढळतात. दिल्लीच्या हिवाळ्यात मुखवटा तसाही लागतोच. त्यामुळे शेजाऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही, बाहुलीचे मात्र वाटते.

या बाहुल्या मुलांसाठी नाहीत. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी केंद्र सरकारने २०२० साली काढलेल्या आदेशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी योजलेली वस्तू ती खेळणे, असे मानले आहे. त्या व्याख्येत यांना बसवणे कठीण. शंकर पिळ्ळै यांनी १९६५ साली बहादूरशहा जफर मार्गावर उभारलेल्या संग्रहालयातील बाहुल्यांशीही यांचे नाते नाही. तेथली प्रत्येक बाहुली आपल्या देशाचा वेष लेवून त्या देशाची वकिली करीत उभी असते. ही नवी बाहुली कोणत्याच देशाची नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हाँगकाँगचा मायकेल लाउ आणि जपानातील काही हौशी दुकानदार यांनी असल्या बाहुल्यांना कलावस्तूचे स्थान दिले. पुढे अमेरिकेतील किडरोबॉट या कंपनीने ‘मनी’ नावाची, नाकडोळे नसलेली, केवळ पांढरी बाहुली विकावयास काढली. (आपल्याकडे हे मांजरीचे नाव, पण तो योगायोग.) घेणाऱ्याने ती स्वतः रंगवावी, अशी कल्पना. त्याबरोबरच, आधीच रंगवून विकलेल्या बाहुल्या घेऊन त्यांवर आपला रंग चढवणारेही निघाले. आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न तेथे सुरू होतो.

पण आधी काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. कारण कृतीचे स्वरूप ठाऊक नसता तिच्या न्याय्यतेचा विचार करणे हे वकिलाविना खटला चालवण्यासारखे आहे. द्रवरूप व्हिनाइल धातूच्या साच्यात ओतून, तापवून व फिरवून ही पोकळ बाहुली तयार होते. तिच्या अंगावर साच्यातील स्निग्धता उरलेली असते. म्हणून साबणाच्या कोमट पाण्याने ती प्रथम धुतात. गरम हवेने सांधे मऊ करून मान व हात सोडवतात. बारीक पॉलिशकागदाने अंग घासून अस्तर देतात. व्हिनाइलला लवचीक करण्यासाठी मिसळलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागाशी येत राहते आणि त्यामुळे इनॅमलचा रंग कित्येक महिने चिकट राहू शकतो. म्हणून ॲक्रिलिक रंगच बरा. तो दुधाइतका पातळ करावयाचा. एअरब्रशची कळ खाली दाबली की नुसती हवा येते, मागे ओढली की तिच्यात रंग मिसळतो. एका बोटाच्या या दोन हालचालींत सारे कौशल्य आहे. पावसाळ्यातील दमट हवेमुळे दाबयंत्राच्या नळीत पाणी साचते आणि ऐन गालाच्या लालीवर त्याचा थेंब उडतो.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट लक्षात भरते. कुंचला पृष्ठाला स्पर्श करतो. एअरब्रश करीत नाही. मॅन रे याने १९१७ ते १९१९ च्या दरम्यान एअरब्रशने चित्रे केली, तेव्हा पटाला हात न लावता चित्र उमटते याचाच त्याला आनंद वाटला होता. टीकाकारांना मात्र ते यंत्राचे काम वाटले. तेव्हा आकार कारखान्याचा, यंत्र दुसऱ्या कारखान्याचे, हाताचा स्पर्श नाही. मग रंगवणाऱ्याचे त्यात उरले काय, असे कोणी विचारले तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही.

उत्तर शोधण्यासाठी आपल्याला परदेशी जावयास नको. रायगड जिल्ह्यातील पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत हा प्रश्न कधीचा सुटलेला आहे. रबरी साच्यातून एकसारख्या शेकडो मूर्ती निघतात. अंगाचा रंग आज तेथेही फवाऱ्याने देतात आणि ते काम नवशिक्याकडेही सोपवता येते. परंतु डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच जाते. आखणी होईपर्यंत त्या शेकडो मूर्ती म्हणजे मातीचा वा प्लॅस्टरचा माल असतो. आखणी झाली की एक मूर्ती आपल्याकडे पाहते, तिच्या शेजारची पाहत नाही आणि गिऱ्हाईक पहिलीवरच बोट ठेवते. साचा दोघींचा एकच. मग भेद आला कोठून? आकारापेक्षा रंगाला गौण मानणाऱ्या प्रत्येकाने एकदा श्रावणात पेणला जाऊन यावे. रंग देणाऱ्याचे काम हे खरेखुरे कर्तृत्व आहे, त्याची मालकी खरी आहे, हे मला तेवढ्यावरून सिद्ध वाटते.

आपल्या जुन्या तर्कशास्त्रज्ञांनी तर याहून खोल पाणी तपासले आहे. कच्चा घडा काळसर असतो, भट्टीत तो लाल होतो. हा लाल घडा पूर्वीचाच की नवा? वैशेषिक म्हणत, अग्नीच्या योगाने घडा परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंत नवा रंग उपजतो आणि त्यांचाच नवा घडा जुळून येतो, हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे पटले नाही. घडा आहे तसाच राहतो, केवळ त्याचा रंग पालटतो, असे ते म्हणत, हा पिठरपाकवाद. लोकव्यवहार नैयायिकांच्या बाजूचा आहे. भट्टीवर ठेवलेल्या मडक्यांची उतरंड मधेच कोसळत नाही, हे कुंभारालाही दिसते. तरीही वैशेषिकांच्या आग्रहात एक सत्य दडले आहे: रंग पुरता पालटला म्हणजे पूर्वीची वस्तू कोठे तरी नाहीशी झालेली असते. फवाऱ्याचा रंग भट्टीसारखा अणुरेणूंत शिरत नाही हे खरे, पण झाकलेला पहिला रंग पाहणाऱ्याला कायमचा दुरावतो.

कोऱ्या बाहुलीबाबत हा नाश कोणाला सलत नाही. तिचा कोरेपणा हेच निमंत्रण असते. पण कोणी तरी विचारपूर्वक रंगवून पुरी केलेली बाहुली मी पैसे देऊन आणली आणि तिच्यावर अस्तर फवारले, तर? ‘वस्तू माझी आहे’ हे उत्तर दिल्लीत राहणाऱ्या आपणा सरकारी माणसांनी तरी सहज देऊ नये. विज्ञान भवनाच्या दर्शनी भागात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे सुमारे १४० फूट लांब व ४० फूट उंच ब्राँझचे भित्तिशिल्प होते. सरकारनेच ते करवून घेतले होते आणि १९६२ साली ते पुरे झाले. १९७९ साली नूतनीकरणाच्या ओघात ते उतरवून कोठारात टाकले गेले. त्याचे काही भाग हरवले, काही मोडले. सेहगल १९९२ साली न्यायालयात गेले. इमारत सरकारची, ब्राँझ सरकारचे, पैसे सरकारने दिलेले. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम पुढे ठेवून कलावंताच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यावयाचे आणि वर ५ लाख रुपये भरपाई. म्हणजे मालकी आणि कर्तृत्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत, विक्रीने पहिली हस्तांतरित होते, दुसरी होत नाही.

त्याच कायद्याच्या १५ व्या कलमात दुसरीही एक सूचना आहे. डिझाइन म्हणून नोंदवण्याजोगी पण न नोंदवलेली आकृती औद्योगिक रीतीने पन्नासाहून अधिक वेळा घडवली गेली की तिच्यावरचा स्वामित्वहक्क संपतो. पन्नास हा आकडा कायदा करणाऱ्यांना कोणत्या दृष्टान्तात दिसला असेल तो असो. पण त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. वस्तू अनेक झाली म्हणजे तिच्यातील एकीचे रूप पालटल्याने मूळ रूप जगातून जात नाही. हजारांत निघालेली बाहुली मी रंगवली तर तिच्या नऊशे नव्याण्णव बहिणी तिची साक्ष देण्यास उभ्या आहेत. सेहगलांच्या शिल्पाला बहीण नव्हती. माझ्या मते निकष हाच: माझ्या हातून गेल्यावर दुसऱ्याचे काम कोठे तरी शिल्लक राहते की नाही?

बदलीवर फिरणाऱ्या माणसाला हा निकष परका वाटू नये. आपले पद हा साचाच असतो. खुर्ची, नियमावली, हिरव्या कागदावरच्या टिपणीची ठरीव भाषा, सारे दुसऱ्यांनी ओतलेले. ‘मी नियमाप्रमाणे केले’ असे म्हणणारा आपल्या रंगाची जबाबदारी साच्यावर ढकलतो, कारण एकाच नियमाखाली एका विधवेचे निवृत्तिवेतन महिन्यात निघते व दुसरीचे तीन वर्षे रेंगाळते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आणि नव्या जागी रुजू होताच आधीच्या माणसाने नेटाने बसवलेली व्यवस्था पुसून आपला रंग देणारे साहेबही पाहिले आहेत. तेथे तर जुन्या रंगाची दुसरी प्रत कोठेच नसते.

बाहुलीच्या बाबतीत अखेरचा पेच अजून बाकी आहे. कारखान्याची खूण बहुधा तळपायावर उठवलेली असते. रंगवणारा तिच्याखाली आपले नाव घालतो आणि पुढे ‘१/१’ लिहितो: ही एकुलती एक. म्हणजे अनेकांतील एक घेऊन त्याने तिला बहीण नसलेली केली. पुढे ही बाहुली तिसऱ्याच्या घरी गेली, त्याला ती आवडली नाही आणि स्पिरिटचा बोळा घेऊन तो तिला पुन्हा पांढरी करू लागला, तर पहिल्याच्या रंगावर बेधडक अस्तर फवारणाऱ्याला तक्रार करावयास तोंड आहे का? माझ्या मते आहे. त्याने झाकले ते हजारांपैकी एक होते. आता पुसले जाणार ते एवढेच आहे. मात्र ज्याने एखाद्याची हातची, एकटीच असलेली बाहुली घेऊन तिच्यावर हे ‘१/१’ लिहिले असेल, त्याची तक्रार मी ऐकून घेणार नाही.