कुदळ न लागलेला कोपरा

कोल्हापुरातल्या एका तालमीत १३ वर्षांचं एक पोरगं मेहनतीला येत असे. गाव करवीर तालुक्यातच. बाप रोज पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन शहरात यायचा, तेव्हा त्याला फटफटीवर मागं बसवून आणायचा. पोरगं काटक आणि चपळ. गावच्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्यांत त्यानं आपल्या वयाचं कुणी सोडलं नव्हतं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान बापानं त्याला एकदा दाखवलं आणि सांगितलं, "इथं लढायचंय तुला. लवकर."

या 'लवकर'पायी पोराचे हाल सुरू झाले. पहाटे दोन तास तालीम, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा दोन तास, रविवारसुद्धा सुटला नाही. रात्री जेवण झालं की बाप अंगणात उभा राहून आणखी दोनशे बैठका मारून घ्यायचा आणि आकडा वहीत लिहायचा. अंथरुणाला पाठ टेकायला अकरा वाजत. चारला परत उठायचं.

दिवाळीनंतर पोराच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागलं. हाताला एक उंचवटाही लागायचा. त्यानं बापाला सांगितलं तर बाप म्हणाला, "पैलवानाला दुखत नसतं." हे वाक्य मायेपोटी बोललं जातं, पण ते साफ खोटं आहे. ते ऐकून पोर धीट होत नाही; दुखणं लपवायला शिकतं. या पोरानंही तेच केलं.

वस्तादांनी मात्र एका सकाळी पाहिलं, की बैठक मारताना त्याचा सगळा भार डाव्या पायावर येतोय. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, गुडघ्यावर बोट ठेवलं. पोरगं कळवळलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं ते असं. या वयात पायाची हाडं भराभर लांब होतात आणि मांडीचे स्नायू मागं पडतात. ते ताणलेले स्नायू नडगीच्या हाडाला जिथं ओढतात, ती जागा अजून कोवळी असते. बैठका, उड्या, धावणं यांनी तिथं पुन्हा पुन्हा हिसका बसतो आणि ती सुजते. बहुतेक मुलांचं हे वाढ पुरी झाली की थांबतं. तोवर भार कमी करायचा, मांडी सैल करणारे व्यायाम करायचे, दुखेल तेव्हा बर्फ लावायचा. मग त्यांनी पोराला दिवसाचा हिशेब विचारला.

"आठवड्याला अठ्ठावीस तास तालीम, वर घरच्या बैठका," डॉक्टर बापाला म्हणाले. "मुलाचं वय जितक्या वर्षांचं, तितकेच तास आठवड्यात सरावाला द्यावेत, त्याहून जास्त नकोत. याचे तेरा. आठवड्यात एक दिवस तरी पूर्ण मोकळा हवा. आणि झोप आठ ते दहा तास. हा पाचच झोपतो."

बाप गप्प बसला, पण त्याला पटलं नव्हतं. तालमीत आल्यावर तो वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, हा बसून राहिला तर बाकीची पोरं म्होरं जातील."

वस्ताद वाद घालत बसले नाहीत. त्यांनी हौद्याचा एक कोपरा सुतळीनं आखला. "आठ दिवस हितं कुदळ लावायची न्हाई. पाणी न्हाई, ताक न्हाई, तेल न्हाई. पोरांनी नुसतं तुडवायचं."

बाकीचा हौदा रोजच्यासारखा पहाटे खणला जाई, माती वरखाली होई. नवव्या दिवशी वस्तादांनी बापाला आत बोलावलं. चप्पल काढून तो मऊ मातीतून चालत कोपऱ्यापाशी आला. तिथं जमीन फरशीसारखी झाली होती. त्यानं मूठ आपटली, अंगठ्यानं उकरून पाहिलं. काहीच निघेना.

"हितं आपटू का तुमच्या पोराला?" वस्तादांनी विचारलं.

"नको, नको. हाड मोडंल त्याचं."

"माती तीच हाय. तुडवली सगळीकडं, पण हिला सैल व्हायला येळच मिळाला न्हाई. पोराचं अंगबी असंच हाय, पावणं. मेहनत हितं हुती, ताकद झोपंत भरती. खाडा हा मेहनतीचाच भाग हाय, त्यो आळस न्हवं."

मग हौद्याच्या कडेला बसून ते खाशाबा जाधवांबद्दल बोलले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ला लंडनला गेला तेव्हा पदक हुकलं. १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळालं, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. कुस्तीखेरीज तो पोहायचा, धावायचा, कबड्डी खेळायचा. "तुमचं पोरगं तेराचं. अजून तेवढीच वर्सं हायती हातात," वस्ताद म्हणाले. "घाई कसली?"

बापानं घरी येऊन वही काढली. बैठकांच्या रकान्यावर रेघ मारून तिथं झोपेचे तास लिहायला सुरुवात केली. पहाटेची तालीम बंद झाली. संध्याकाळी पोरगं हातापाठीची मेहनत करी, खाली बसून डाव बघे, मोठ्या मल्लांना विचारी. रविवारी विहिरीत पोहायला जाई. दोन-अडीच महिन्यांनी वस्तादांनी बैठका पुन्हा सुरू केल्या, त्या दहापासून. एखाद्या दिवशी दुखलं की आकडा खाली येई, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

चैत्रात जत्रा आली. जोड ठरली, पोराचं नाव पुकारलं गेलं. लंगोट कसता कसता ते बापाजवळ आलं. "आबा, सकाळधरनं गुडघा ठणकतोय."

सगळं गाव बघत होतं. बाप उठला, पंचांकडं गेला आणि त्यानं नाव मागं घेतलं. मागून कुणीतरी ओरडलं, "भ्यालं व्हय रं पोरगं?"

"भ्यालं असतं तर गप लढलं असतं," बाप वळून म्हणाला. "मला सांगायला लई धाडस लागलं त्याला."

पंचांनी दुसरी जोड बोलावली. बापलेक मैदानाच्या कडेला मांडी घालून बसले, आणि तिसऱ्या कुस्तीत ढाक लागली की एकलांगी, यावरून दोघांचं भांडण जुंपलं.