आजारी मुलाला घरी राहू द्या

पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय घ्या किंवा रोह्याचे डॉ. चिंतामणराव देशमुख महाविद्यालय. इथली बरीच मुले सकाळी वडखळ, नागोठणे, धाटाव अशा गावांतून आणि डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवरून एसटीने, मिनिडोरने, दिवा-रोहा गाडीने येतात आणि संध्याकाळी घरी परततात. मोठ्या विद्यापीठात साथ आली की वसतिगृह बंद करतात, मेस बंद करतात. इथे तो उपाय चालत नाही. वर्गात पसरलेला ताप त्याच संध्याकाळी दहा-वीस गावांत पोहोचतो, आणि तिथे घरात म्हातारी आजी असते, मधुमेहाचे वडील असतात, तान्हे मूल असते.

जुलैत पाऊस तिरपा आत येतो म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घेतात. ओल्या कपड्यांतली मुले दाटीवाटीने बसलेली असतात. मागच्या बाकावर एखादी मुलगी ओढणीत तोंड दाबून खोकत असते. तिला ताप आहे हे शेजारणीला ठाऊक असते, सरांनाही दिसत असते. तरी ती येते, कारण हजेरी भरायची असते.

मुंबई विद्यापीठाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे. आजारपणाचा दाखला दिला तर सवलत मिळते, हे खरे. पण दाखल्यासाठी डॉक्टरची फी पडते, जाण्यायेण्याचे भाडे पडते, आणि सोबत आलेल्या आईची दिवसभराची मजुरी बुडते. त्यापेक्षा तापात वर्गात बसणे परवडते. वर आपण शंभर टक्के हजेरीचे कौतुक करतो, टाळ्या वाजवतो. अंगात ताप घेऊन वर्गात येण्याला चिकाटी म्हणणे मला मान्य नाही. आणि त्याचा दोष त्या मुलीकडे जात नाही, तो आपल्या व्यवस्थेकडे येतो.

क्षयाच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला तपासलाच पाहिजे. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी मोफत होते, औषधे मोफत मिळतात, आणि पोषणासाठी निक्षय योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. साधा क्षय असेल तर उपचार सहा महिन्यांचे असतात, आणि औषध लागू पडले की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणजे योग्य वेळी औषध मिळालेले मूल लवकरच वर्गात परत बसू शकते. पण "लोक काय म्हणतील", "पोरीचे लग्न कसे जमेल" या भीतीपोटी खोकल्याला धुळीची अ‍ॅलर्जी म्हटले जाते आणि महिने निघून जातात. तेवढे दिवस रोग बाकाबाकांवरून फिरत राहतो.

भीतीने रोग लपतो, हे महाराष्ट्राने १८९७ च्या प्लेगात अनुभवले आहे. पुण्यात सोजीर घरात घुसून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोकांनी रुग्ण दडवले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या दवाखान्यात आणत होत्या, आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. माणूस धाकाने आजार सांगत नाही, आपल्याला कोणी हाकलणार नाही अशी खात्री पटली की सांगतो.

काही जण म्हणतील, आजारपणात घरी राहण्याची सूट दिली तर मुले दांड्या मारतील. काही मारतीलच. पण चार दांड्यांपायी चाळीस आजारी मुलांना वर्गात बसवणे हा शहाणपणाचा हिशेब नाही. सवलतीची तरतूद नियमात आहेच, ती सोपी करण्याची इच्छा हवी. दोन-तीन दिवसांच्या तापासाठी पालकाची चिठ्ठी पुरेशी धरावी. बुडालेल्या तासांच्या वह्या मित्रांकडून मिळतील अशी सोय करावी. पाऊस थांबला की खिडक्या उघडाव्यात. लांबलेला खोकला कोणा एका विश्वासू शिक्षकाला सांगता यावा, आणि त्याने मुलाचे नाव बाहेर न फोडता त्याला पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात सोबत न्यावे.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे: येत्या जूनमध्ये प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक छापा की ताप असेल तर घरी राहा, तुमची हजेरी कापली जाणार नाही.