वाल्याच्या घरची माणसं

वाल्या कोळ्याच्या गोष्टीत नारदाला मान आहे, नामाला आहे, अगदी वारुळालाही आहे. घरच्या माणसांना तेवढा नाही. माझ्या पापात वाटेकरी होता का, असं त्यानं विचारलं आणि बायको-पोरांनी, आई-बापांनी साफ नकार दिला, एवढ्यापुरतीच ती गोष्टीत येतात. मग कीर्तनकार संसार कसा स्वार्थी ते पटवून देतात आणि पुढे जातात. माझ्या मते त्या माणसांचं उत्तर बरोबर होतं. पाप वाटून घेता येत नाही, घेऊही नये. मला पुढचं विचारायचं असतं. तो नाम घेत बसला, अंगावर वारूळ चढलं, तेवढ्या काळात घरातलं कुणी तांब्याभर पाणी घेऊन तिकडे गेलं का?

मी हे विचारते, कारण माझा धाकटा भाऊ शिक्षा भोगतो आहे. आमच्या भावकीत बांधावरून भांडण होतं, वडिलांच्या काळापासूनचं. एका सकाळी पाटाच्या पाण्यावरून शब्दाला शब्द लागला आणि धाकट्यानं फावड्याचा दांडा घातला. चुलतभाऊ दवाखान्यात नेईपर्यंत गेला. खून म्हणून दाखल झालेला गुन्हा कोर्टात सदोष मनुष्यवध ठरला. त्यानं हे केलं आहे. मी प्राथमिक शाळेत आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं, त्यामुळे इथे दुसरं काही लिहिणार नाही.

अशा वेळी गावाकडे दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे, तो आपल्याला मेला असं समजा. दुसरा म्हणजे, त्याला फसवलं, केस खोटी आहे असंच सगळीकडे सांगत राहा. पहिल्यात माणूस जातो, दुसऱ्यात खरं जातं. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं होती आणि ती एकमेकांशी भांडतही होती.

सांत्वनाला आलेल्यांनी थोर उदाहरणं दिली. टिळकांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. मला हे सगळं पाठ आहे, मीच वर्गात शिकवत असे. पण ही माणसं ताठ मानेनं आत गेली होती. तुरुंग त्यांना सरकारनं दिला होता, त्यांच्या मनानं नव्हे. ज्याला रात्री दिवा मालवल्यावर चुलतभावाचा चेहरा दिसतो, त्याला मंडालेचा काय आधार? त्याला त्याच्यासारख्याचीच गोष्ट हवी.

ती मला अंगुलिमालात सापडली. माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ करणारा तो बुद्धांच्या संघात आला. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन त्याला धरायला निघाला होता. वाटेत तो बुद्धांकडे थांबला आणि त्याला समोर भिक्षू झालेला अंगुलिमाल दिसला. राजा आधी घाबरला, मग म्हणाला, चीवर, अन्न, औषध काय लागेल ते मी पुरवीन. पण गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून ती मला खरी वाटते. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाच्या अंगावर ढेकळं, काठ्या, दगड येऊन पडतात. डोकं फुटतं, पात्र मोडतं, चीवर फाटतं आणि तो रक्तबंबाळ होऊन परत येतो. बुद्ध त्याला सोसायला सांगतात, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे म्हणतात. ते दगड थांबवत नाहीत आणि त्याला संघाबाहेरही काढत नाहीत. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे मी तिथे शिकले.

केलं ते भोगू द्या, मध्ये पडू नका, असं म्हणणारे कर्माचा दाखला देतात. कर्माचा नियम खरा असेल तर माझ्या एका टॉवेलनं आणि मनीऑर्डरीनं तो मोडणार नाही, इतका तो कच्चा नाही. न्यायाधीशानं त्याचं बाहेरचं जगणं काढून घेतलं, ती शिक्षा. अंगावर खरूज उठली तर मलम मिळू नये, कुणाचं पत्र येऊ नये, असं निकालपत्रात कुठेही लिहिलेलं नसतं. तेवढं जास्तीचं भोगायला लावण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलं, पापात वाटेकरी व्हायचं नाही, शिक्षेत सोबत करायची. हे बोलायला सोपं आहे. खरी ओढाताण खटला चालू असताना झाली. घरातल्या पुरुषांना साक्षीदारांकडे जायचं होतं, मेलेल्याच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनीकडे, मध्यस्थ पाठवून मिटवायचं होतं. दोन एकराचा तुकडा तिच्या नावावर करू, तिनं जबाब सैल करावा, असं चाललं होतं. मी सांगितलं, तिच्या दारात या कामासाठी कुणी गेलं तर मी त्याच दिवशी कोर्टात येऊन काय चाललं आहे ते बोलेन. त्यानंतर मोठ्या भावानं बराच काळ माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे धाकट्यानं तुरुंगातल्या मुलाखतीत विचारलं, तिला माझी माफी सांगशील का? मी नाही म्हटलं. ऐकायचं की नाही हे तिनं ठरवायचं आहे, मी तिच्या अंगणात जाऊन तिला कोंडीत धरणार नाही.

आता ज्यांच्या घरचं माणूस नुकतंच आत गेलं आहे त्यांच्यासाठी थोडं. निकाल व्हायचा असतो तोवर तो न्यायबंदी, कोठडीतल्यांच्या भाषेत कच्चा कैदी. देशातल्या तुरुंगांमध्ये चारातले जवळजवळ तीन असेच आहेत. वकील परवडत नसेल तर घर विकू नका. कोठडीत असलेल्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं फुकट वकील मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असतं आणि आतूनही अर्ज करता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ विचारून घ्या. गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या अर्धा काळ कच्च्या कैदेत गेला असेल, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर जामिनाचा हक्क येतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर अनेक खटले आहेत त्याला ते लागू नाही. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी माणूस आत राहिला असेल, तर २०२३ पासून केंद्राची योजना आहे, तिच्यातून मदत होऊ शकते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एका वकिलानं मात्र पहिल्याच आठवड्यात जामिनाची खात्री देऊन पैसे घेतले आणि पुढच्या तारखेला तो आलाच नाही.

मुलाखतीला जाताना ओळखपत्र, कैद्याचा नंबर आणि वेळ आधी विचारून जा. कपडे, पुस्तकं, औषधं काय चालतं याचे नियम जागोजाग निराळे, त्यामुळे फाटकावर वाद घालण्यापेक्षा आधी चौकशी बरी. लांब असाल तर ई-मुलाखत मागा. काचेपलीकडे थोडीच मिनिटं मिळतात आणि ती रडण्यात किंवा खर्चाचा हिशोब सांगण्यात जातात. मी घरून निघतानाच तीन गोष्टी ठरवून जाते. तब्येत कशी आहे हे तोंडानं विचारायचं आणि डोळ्यांनी तपासायचं. एक कामाचं बोलायचं, अर्ज, तारीख, कागद. एक गावाकडचं सांगायचं. पुढच्या तारखेला सुटशील, असं कधीही म्हणू नका. खोटी आशा तो आत नेतो, बराकीत तिच्यावर दिवस काढतो आणि तारीख पडली की त्या रात्री त्याला सांभाळायला आपण तिथे नसतो.

पत्र लिहा. ते आधी अधिकारी वाचतात, त्याची लाज नको. मी पाऊस किती झाला ते लिहिते, हरभऱ्याला घाटे धरले का, म्हैस कधी व्याली, कुणाच्या नातवाचं नाव काय ठेवलं ते लिहिते. उपदेश लिहीत नाही. सुरुवातीला लिहिला होता, तेव्हा त्याचं उत्तर आलं नाही. म्हशीच्या पत्राला दोन पानी उत्तर आलं.

आतल्या माणसासाठी धाकट्यानंच मला सांगितलेलं लिहिते. सकाळच्या गिनतीआधी उठावं, अंथरुणाची नीट घडी घालावी, मिळेल ते काम मागून घ्यावं. संध्याकाळी उजेड असतानाच बराक बंद होते आणि तिथून पुढची रात्र फार लांब असते, तिच्यासाठी काहीतरी राखून ठेवावं, पुस्तक, पत्र, पाठांतर. कुणाचं उसनं घेऊ नये, पत्त्यांवर लावू नये. स्वतःच्या केसची गोष्ट दहाजणांना सांगू नये. न वाचता कशावर सही करू नये. दुखत असेल तर लपवू नये, डॉक्टरला सांगावं आणि मुलाखतीला घरच्यांनाही. तो आता आत न लिहिता येणाऱ्यांचे अर्ज लिहून देतो. त्या हातांना दुसरं काही करता येतं हे त्याला त्यातून कळलं, असं मला वाटतं. तो तसं बोललेला नाही.

देवाचं मात्र अवघड झालं. आमचं घर माळकरी. पहिल्या वर्षी मी विचारलं, हरिपाठ होतो का? तो म्हणाला, म्हणवत नाही. विठोबा चुलतभावाच्या घरचाही आहे. मग मलाही घरी समईपुढे बसल्यावर कळेना की मागायचं काय. माझा भाऊ लवकर सुटू दे, असं मी म्हणायचं, आणि तिकडे गावात वहिनीनं त्याच विठोबापुढे तो सुटू नये म्हणून हात जोडायचे. तिचं मागणं माझ्याइतकंच खरं आहे. देवानं कुणाचं ऐकावं?

मी दामाजीपंतांकडे वळले. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांना खुली केली, बेदरच्या बादशहानं त्यांना धरून आणायला माणसं पाठवली आणि विठोबा विठू महार होऊन दरबारात धान्याची रक्कम भरून पावती घेऊन आला. लहानपणी मला वाटायचं, देवानं दामाजीला सोडवलं. आता दिसतं की देवानं देणं पुसलं नाही, भरलं. बादशहाचं येणं येणंच राहिलं, ते पुरतं चुकतं झालं, मग सुटका झाली. (ज्या महाराच्या रूपात देव कैद्यासाठी धावला, त्याच्यासारख्या खालच्या ठरवलेल्या जातींच्या कैद्यांना जातीवरून झाडलोट लावणाऱ्या तरतुदी आपल्या तुरुंगांच्या नियमावल्यांत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं त्या रद्द केल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. माळ घालणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यायला हवं.) दामाजींनी पुण्य केलं होतं, धाकट्यानं जीव घेतला आहे, त्याची रक्कम कुठल्याच दरबारात भरता येत नाही, हे मला कळतं. पण तेव्हापासून मी सुटका मागणं सोडलं. त्याला हे देणं बुडवून पळावंसं वाटू नये आणि फेडताना तो माणूस राहावा, एवढं मागते. हे मागणं वहिनीनं ऐकलं तरी मला मान खाली घालावी लागणार नाही.

हरिपाठ तो अजून म्हणत नाही. मी आग्रह करत नाही.

आता संचित रजेचा, म्हणजे शिक्षा चालू असताना काही दिवस बाहेर येण्याच्या सुटीचा, अर्ज करायचा आहे. पोलिसांचा अहवाल लागतो, जामीनदार लागतो. मोठ्या भावानं गावातल्या घराचा पत्ता घालायचा म्हटलं, मी नको म्हटलं. त्या घरापासून वहिनीचं दार हाकेच्या अंतरावर आहे आणि तिची मुलं त्याच रस्त्यानं शाळेला जातात. तो माझ्याकडे, माझ्या सासरच्या गावी राहील, जामीनदार म्हणून सही माझी असेल. रजा मंजूर झाली की तारीख मी सरपंचांना कळवणार आहे, म्हणजे तिला ती आधी समजेल.