घरटी एक माणूस

रायगडाच्या पायथ्याला, काळ नदीच्या खोऱ्यात, एक लहानसं गाव होतं. पंधरा-वीस घरं, एक देऊळ, खाली भाताची खाचरं आणि वर उतारावर नाचणी-वरी. शके 1596 मधला वैशाख सरत आला होता.

एके सकाळी वेसकर धावत आला. म्हणाला, गडावरचा कारकून येतोय. थोड्या वेळानं कारकून आला. पारावर बसला, पाणी प्यायला आणि सरळ कामाचं बोलला.

"ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला महाराजांना राज्याभिषेक आहे. गडावर माणसं हवीत. कुंभारानं घागरी द्याव्यात, बुरुडानं टोपल्या, सुतारानं मांडवाच्या कामाला यावं. बाकीच्यांनी ओझी वाहावीत. घरटी एक माणूस. मालाला दाम मिळेल, माणसाला रोज मिळेल."

दाम आणि रोज हे शब्द ऐकून म्हातारी माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना जुनी वेठ आठवत होती. तेव्हा अंमलदार यायचा, कोंबडी न्यायचा, माणूस न्यायचा आणि त्या माणसानं भाकरी घरूनच बांधून घ्यायची. आता दिवस बदलले होते. महाराजांनी चिपळूणच्या लष्कराला लेखी ताकीद दिली होती, की लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला काडीचाही त्रास देऊ नका.

कारकून गेला आणि पाटलाच्या अंगात वारं शिरलं.

"घरटी एकच का म्हणून?" तो म्हणाला. "आपला राजा छत्रपती होतोय. जो चालू शकतो तो प्रत्येक जण येईल. शेजारच्या गावापेक्षा आपली रांग लांब दिसली पाहिजे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक कुणबी मात्र उठून उभा राहिला.

"पाटील, रोहिण्या संपत आल्या. मृग तोंडावर आला. राब भाजून पडलेत. धूळवाफ्यात बी आत्ता पडलं नाही, तर लावणीला रोप कुठून आणायचं?"

"आल्यावर पेरू."

"पाऊस थांबेल काय आपल्यासाठी? माझा थोरला येईल गडावर. मी आणि ही इथं राहतो."

लोक हसले. पाटील चिडला. "राजा सिंहासनावर बसतोय आणि तू ढेकळं फोडत बसणार? सांगेन मी वर, एक जण आला नाही म्हणून."

"सांगा की," कुणबी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाव निघालं. मागे राहिली पोरं, म्हातारी माणसं, गुरं आणि तो कुणबी नि त्याची बायको.

गडावर कामाला अंत नव्हता. काशीहून गागाभट्ट आले होते. निरनिराळ्या नद्यांचं आणि समुद्राचं पाणी आलं होतं. सिंहासन सिद्ध होत होतं. कोणत्या प्रधानानं कोणत्या दिशेला कोणता कलश घेऊन उभं राहायचं, हेसुद्धा ठरत होतं. मुंबईहून आलेल्या हेन्री ऑक्झिंडन या इंग्रज वकिलाला पुढे नवल वाटलं ते एवढ्या उंच गडावर हत्ती चढले कसे याचं. आमच्या गावकऱ्यांनाही तोच प्रश्न पडला, पण त्यांच्या डोक्यावर ओझं होतं. वर बघायला सवड नव्हती.

खाली कुणब्यानं आपला राब नांगरला. बी फेकलं, मातीनं झाकलं. दोन दिवसांत त्याचं काम उरकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावर उभा राहिला. शेजारचा राब काळाभोर भाजलेला, तसाच पडून होता. त्यापलीकडचाही तसाच. नदीपर्यंत सगळे तसेच.

बायको म्हणाली, "बघत काय बसलात? बैल उभेच आहेत."

मग दोघांनी शेजारचा राब पेरायला घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा. घरोघरच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या बियाण्याच्या मुड्या बाहेर काढून दिल्या. पोरं दिवसभर पाखरं हाकत बसली. पाटलाची आई काठी टेकत आली आणि आपल्या वाफ्यात कुठलं बी टाकायचं ते सांगून गेली. चार घरांना मात्र कुलपं होती. तिथं मुडी काढून देणारं कुणी नव्हतं.

कुणब्यानं आपल्या घरातली राखून ठेवलेली मुडी खांद्यावर घेतली.

"ते खायचं भात आहे," बायको म्हणाली.

"नाचणी आहे की."

ती काही बोलली नाही. टोपली घेऊन पुढे चालू लागली.

त्रयोदशी उजाडली. 6 जून 1674. गडावर तोफा झाल्या आणि खोरं दणाणलं. तेव्हा कुणबी शेवटच्या घराच्या वाफ्यात होता. त्यानं पागोटं नीट केलं, गडाकडे वळून हात जोडले. मग उरलेल्या कोपऱ्यात बी टाकलं.

गाव लगेच परतलं नाही. सोहळ्यामागचं काम सोहळ्यापेक्षा मोठं असतं, हे घरी लग्न काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मांडव उतरवायचे होते. पाहुण्यांची ओझी पायथ्याला पोचवायची होती. त्यात पावसानं गाठलं. त्यात पाचाडात जिजाऊसाहेब गेल्या. अभिषेकाला दोन आठवडेही झाले नव्हते. मग कोण निघणार? गाव आणखी काही दिवस थांबलं.

अखेर लोक घराकडे निघाले तेव्हा ओढे भरून वाहत होते. रोज कमरेला होता, पण कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या मनात एकच होतं. आता चिखलात बी टाकायचं, ते रुजायचं, वाढायचं, तोवर लावणीचे दिवस निघून जायचे.

गावाच्या वेशीशी पाटील थबकला. खाली सगळे राब हिरवे होते. त्याच्या स्वतःच्या वाफ्यात रोप बोटभर वर आलं होतं. तो खाली बसला, रोपावरून हात फिरवला आणि तसाच बसून राहिला.

चार दिवसांनी कारकून आला. ज्याचं काही देणं राहिलं होतं ते त्यानं मोजून दिलं. मग वही मिटली.

"पाटील, गावातला एक जण आला नाही, असं तुम्ही गडावर सांगितलं होतं. तो कोण?"

पाटील जमिनीकडे बघत राहिला. कुणबी आपणच पुढे आला.

"मी तो. घरटी एक मागितला होता. माझा पोरगा आला होता."

"पण बाकीचं सगळं गाव आलं होतं."

"म्हणूनच मी राहिलो."

कारकुनानं समोरच्या वाफ्यांकडे पाहिलं. "हे कुणी पेरलं?"

कुणीच बोलेना. शेवटी पाटलाची आई म्हणाली, "त्यानंच. आणि त्याच्या बायकोनं. आमची मुडी तेवढी आम्ही दिली."

कारकुनानं पुन्हा वही उघडली. "किती दिवसांचा रोज लिहू तुझा?"

"रोज नको. चार घरांच्या वाफ्यांत माझं बी पडलंय. तेवढं सुगीला परत मिळावं."

"सवाईनं देऊ," पाटील घाईघाईनं म्हणाला. गावात भात उसनं घेतलं की सव्वापट फेडायची रीत होती.

"सवाई कशाला? पायलीला पायली द्या. गेलंय तेवढंच."

कारकून पाटलाकडे वळला. "मी घरटी एक माणूस मागितला होता. तो आकडा उगाच नव्हता. राजा सिंहासनावर बसतो त्या दिवशीही खाली रान पेरलं गेलं पाहिजे. तुम्ही राजाचा मान केलात, यानं राजाचं राज्य सांभाळलं. रयतेनं दोन्ही करायचं असतं, पाटील. एकासाठी दुसरं टाकायचं नसतं."

पाटलानं मान हलवली. मग त्यानं चारही घरच्यांना जवळ बोलावलं आणि कुणाकडे किती पायल्या निघतात ते सगळ्यांदेखत मोजून घेतलं.

पुढे दोन वर्षांनी, 1676 च्या सप्टेंबरात, महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र लिहिलं. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्या, ज्याला पोटाला नाही त्याला दाणे द्या, पण रान पेरून घ्या. दिलेलं परत घेताना वाढ घेऊ नका. फक्त मुद्दल घ्या, तेही कुणबी सावरेल तसं हळूहळू. त्या पत्राचा आमच्या गावाशी काही संबंध जोडू नये. गोष्ट ती गोष्ट आणि पत्र ते पत्र. शिवाय आमच्या कुणब्यानं त्याआधीच, पहिल्याच सुगीला, चारही घरांकडून आपलं भात पायलीनं मोजून घेतलं होतं. पाटलानं एक पायली जास्त घातली, तर ती त्यानं परत ओतली.