पोत्यावरची चिठ्ठी

चिखली-मेहकरच्या पट्ट्यात सोयाबीनची मळणी आटोपली की घरातल्या एका खोलीत पोत्यांची थप्पी लागते. काही विकायची, काही बियाण्याची. बाहेरून सगळी सारखीच. आत जेएस ३३५ आहे की जेएस ९३-०५, हे नुसता दाणा पाहून भल्याभल्यांना सांगता येत नाही. पहिलं वाण साधारण १०० दिवसांचं, दुसरं ९० च्या आसपासचं. दोन्ही एकाच वावरात पडली, तर एक वाळून उभं, दुसरं अजून हिरवं. सोंगणी कशी करायची?

बाजारातल्या पिशवीला रंग ठरलेले आहेत: पैदासकार बियाण्याला पिवळी खूणचिठ्ठी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी. घरच्या पोत्याचं मात्र ‘माझ्या ध्यानात आहे’ एवढ्यावर भागतं. पेरणीपर्यंत सात-आठ महिने जातात. तोवर एवढं ध्यानात राहतं, यावर माझा तरी विश्वास नाही.

पुठ्ठ्याचा तुकडा घ्या. वाण, वावर, मळणीची तारीख लिहा. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघाल, तेव्हा किती उगवले तेही लिहा. ७० आले, तर एकरी ३० किलो पुरतं. आणि हो, एक चिठ्ठी पोत्याच्या आतही टाका. बाहेरची उंदीर कुरतडतात.