परसदारातलं तण कोणी उपटायचं?

सोयगाव परिसरात मृगाचा पाऊस नीट झाला की परसदार माणसाचं राहत नाही. न्हाणीच्या पाण्यावर आघाडा माजतो, भिंतीच्या कडेने टाकळा, उकिरड्याजवळ धोतरा आणि या सगळ्यांवर कडी करणारं गाजरगवत. श्रावण लागेपर्यंत तुळशीकडे जायची वाटसुद्धा बुजते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, हे एकदा साफ करू, दोन फुलझाडं लावू, बसायला ओटा बांधू, जरा शांत वाटेल. विचार चांगलाच आहे. पण ही शांतता हाती येण्याआधी शेकडो जिवंत रोपं मुळासकट उपटावी लागतात, आणि मुळांशी गांडुळं, मुंग्या, गोगलगाई असतात. आपल्या निवांतपणासाठी एवढे जीव घ्यायचे, तर त्याचा हिशेब कुणाच्या खात्यावर मांडायचा?

प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण याच तालुक्यात, वाघूर नदीच्या नालाकृती दरीतल्या अजिंठ्याच्या लेण्यांत ज्यांनी शतकानुशतकं वस्ती केली, त्या भिक्षूंच्या धर्माने तो फार गांभीर्याने घेतला होता.

विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, वर्षावासाची हकिगत आहे. भिक्षू भर पावसाळ्यातही हिंडत, कोवळं गवत तुडवत, बारीकसारीक जीव त्यांच्या पायाखाली मरत. लोक कुरकुरू लागले, की पाखरंसुद्धा पावसात घरटं धरून बसतात, मग यांनाच एवढी कसली घाई? तेव्हा बुद्धांनी नियम केला, पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं. अशा मुक्कामाला निवारा हवा, आणि अजिंठ्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून असे निवारे कातळात खोदले गेले. पर्यटक ज्या शांततेचं कौतुक करत या विहारांतून फिरतो, तिच्यामागे तुडवल्या गेलेल्या गवताची तक्रार आहे.

नियम इथेच थांबत नाहीत. भिक्षूने जमीन खणायची नाही, झाडझाडोरा तोडायचा नाही. दोन्ही प्रायश्चित्ताचे अपराध. मग आरामातलं, म्हणजे विहाराच्या बागेतलं, रान कोण काढणार? याचंही उत्तर विनयात आहे आणि ते अस्वस्थ करणारं आहे. राजगृहाजवळ पिलिंदवच्छ नावाचे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, गुहा करण्यासाठी डोंगराचा उतार साफ करून घेत होते. बिंबिसार राजाने ते पाहिलं आणि आरामाची कामं करायला माणूस देऊ केला. बुद्धांची परवानगी मिळाली, राजा मात्र दिलेलं वचन विसरला. आठवण झाली तेव्हा पाचशे दिवस उलटले होते, म्हणून त्याने पाचशे माणसं दिली. त्यांचं वेगळं गाव वसलं. शिवाय अशा सेवकाला ‘खण’ किंवा ‘तोड’ असं थेट सांगायचं नाही. हे जरा बघ, याची गरज आहे, इतकंच सुचवायचं. कुठल्याही कचेरीतला मुरलेला कारकून या वाक्यरचनेवर खूश होईल.

थट्टा सोडली तर नियमामागची जाणीव खरी आहे. गवतालाही जीव आहे याची रोज आठवण राहावी, यासाठी तो आहे. पण हात भिक्षूचा स्वच्छ राहिला तरी विळा चाललाच. तो फक्त दुसऱ्याच्या हातात गेला.

ब्राह्मणी परंपरेने गृहस्थाला एवढीही पळवाट ठेवली नाही. मनुस्मृतीत पंचसूना सांगितल्या आहेत. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा, ही घरातली हत्येची पाच ठिकाणं. घर चालवायचं तर हिंसा होणारच, हे त्यात मान्य आहे, आणि उतारा म्हणून रोजचे पाच महायज्ञ. हिशेब प्रामाणिक आहे, मात्र त्यातही काम एकीकडे आणि पुण्य दुसरीकडे राहतं.

या दोन टोकांना एकत्र आणलं ते सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या एका माळ्याने. सावता माळी हे ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले. त्यांची समाधी 1295 सालची मानतात. मळा सोडून पंढरीला जायची त्यांना गरज वाटली नाही. खुरपणं, पाणी देणं, भाजी काढणं हीच त्यांची पूजा. विठ्ठल त्यांच्याकडे आल्याच्या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण कथेहून मोठी गोष्ट अशी, की माळ्याच्या हाताने तण मरतं हे लपवायची त्यांना गरज पडली नाही आणि ते काम दुसऱ्यावर ढकलायचीही नाही. मातीत गुडघे टेकून जो स्वतः निंदतो, त्याला काय उपटलं आणि काय ठेवलं हे ठाऊक असतं. या वादात सावतोबांची बाजूच अधिक खरी वाटते.

आज ‘हे जरा बघ’ म्हणण्याचं काम तणनाशकाची बाटली करते. सोयगाव कपाशीचा पट्टा. घरात फवारणीचा पंप असतोच. ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी प्रशिक्षित कीडनियंत्रकांनीच करावी, असं केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवलं, ते काही उगाच नाही. फवारलेल्या परसात हिरवं ते सगळं सारखंच जळतं, आणि निवड करायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

निवड तर करावीच लागते. शेतात जी हराळी शेतकऱ्याचा जीव खाते, तिच्याच दुर्वा गणपतीला लागतात. आघाडा, धोतरा, रुई, माका यांना पत्रीत मान आहे. ज्याला आपण माजलेलं रान म्हणतो, ते भाद्रपदात पूजेचं ताट भरतं. गाजरगवताची गोष्ट मात्र वेगळी. ते परदेशातून आलेलं, अंगाला खाज आणणारं, दुसऱ्याला उगवू न देणारं. त्याची दया करायचं कारण नाही.

तेव्हा यंदा परसदार साफ करणार असाल तर पंप बाजूला ठेवा आणि खुरपं घ्या. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट काढा. मजूर लावलाच तर एक वाफा तरी त्याच्यासोबत स्वतः निंदा. आणि उकिरड्याकडचा कोपरा, आघाडा-धोतऱ्यासह, गणपती होईपर्यंत तसाच राहू द्या.